तासिका चालू ठेवून पूर्णवेळ पीएचडी? नको

पत्र, थोडं आटोपतं करून: "मी ३३ वर्षांची, उदगीरला राहते. इतिहासात एमए, ५८ टक्के. सेट (राज्याची प्राध्यापक पात्रता परीक्षा) झाले आहे. इथल्याच एका महाविद्यालयात सहा वर्षं तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाच्या मानधनावर, शिकवते. यंदा नेटमध्ये (देशपातळीवरची तशीच परीक्षा) 'फक्त पीएचडी प्रवेशासाठी पात्र' या गटात आले आणि पुण्यातल्या एका विद्यापीठात मुलाखत होऊन पूर्णवेळ पीएचडीच्या यादीत नाव लागलं. विषय आहे निजामाच्या काळातल्या मराठवाड्यातल्या मुलींच्या शाळा. फेलोशिप नाही, साठवलेले दोन लाख आहेत. आम्ही ओबीसी. नवरा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, मुलगी पाच वर्षांची, सासूबाई घरात आहेत. प्राचार्य म्हणतात, तासिका सोडू नका, पीएचडी नावाला पूर्णवेळ ठेवा, हजेरी कोण बघतंय. प्रवेश पक्का करायला तीन आठवडे आहेत. नक्की काय काय लागतं? आणि घेऊ का?"

प्रिय ताई,

प्रवेश घ्या. पण तासिका सोडून घ्या, आणि फी भरण्याआधी पुढच्या दीड वर्षाचे पैसे कुठून येणार हे कागदावर मांडा. ते जमत नसेल तर नांदेडच्या विद्यापीठात अंशकालीन नोंदणीची वाट धरा. त्यात कमीपणा काहीच नाही. या दोन्ही वाटा सरळ आहेत. तुमच्या प्राचार्यांनी सांगितलेली तिसरी वाट मात्र धरू नका, म्हणून आधी तिच्याबद्दलच लिहिते.

प्राचार्य तुमचं वाईट चिंतत नाहीत, हे मला कळतं. त्यांना वर्गावर शिकवणारं माणूस हवं आहे आणि तुमचं मानधनही बुडू नये असं त्यांना वाटतं. पण पूर्णवेळ नोंदणी म्हणजे तुम्ही विद्यापीठाला लिहून दिलेली गोष्ट असते. पहिल्या वर्षी कोर्सवर्क असतं, किमान १२ आणि जास्तीत जास्त १६ क्रेडिटचं. त्यात संशोधन आणि प्रकाशनाच्या नीतिमूल्यांचा पेपर सक्तीचा असतो आणि ५५ टक्के मिळाल्याशिवाय पुढे जाता येत नाही. उदगीरला सकाळचा तास घेऊन दुपारी पुण्याच्या वर्गात बसणं कोणालाही शक्य नाही. शिवाय तुमच्या तासिकांची बिलं उच्च शिक्षण सहसंचालकांच्या कार्यालयात जातात. त्याच महिन्यांत तुमच्या नावाची पुण्यात पूर्णवेळ हजेरी आणि उदगीरला तासिका अशी दोन्हीकडे नोंद राहिली, तर ती आज कोणी पाहणार नाही. पाच-सहा वर्षांनी कायम जागेच्या मुलाखतीत एखाद्या प्रतिस्पर्ध्याने माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला की पाहतील. त्या वेळी प्राचार्य निवृत्त झालेले असतील आणि खुलासा तुम्हाला एकटीला द्यावा लागेल. उद्या फेलोशिप मिळाली तर दुसरीकडे नोकरी करत नाही असं हमीपत्रही द्यावं लागतं, आणि ते खोटं ठरलं तर दिलेले पैसे परत मागितले जातात.

आणि सोडायचं तरी काय आहे? तासिका ही दर वर्षी नव्याने मिळणारी नेमणूक आहे. सहा वर्षं शिकवूनही जूनमध्ये यादीत नाव येईल की नाही याची धाकधूक तुम्हाला असतेच, आणि मानधन महिनोन्महिने अडकतं हे तुम्हीच पत्रात लिहिलं आहे. कायम नोकरीवर पाणी सोडत असतात तर मी दहादा विचार करायला सांगितलं असतं. इथे तसं नाही. वर्गाची सवय मोडेल ही भीती असेल, तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२च्या पीएचडी नियमांत संशोधकांना आठवड्याला चार ते सहा तास अध्यापन किंवा संशोधन साहाय्याचं काम देण्याची तरतूद आहे. पुण्यातल्या विभागात ते मागून घ्या.

प्रवेश पुढच्या वर्षावर ढकलू नका, त्यालाही कारण आहे. तुमच्या गटातले नेटचे गुण पीएचडी प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात. प्रवेशाच्या यादीत या गुणांना ७० टक्के वजन असतं आणि मुलाखतीला ३०. यंदा सोडलंत तर पुन्हा परीक्षा, पुन्हा मुलाखत, आणि तेव्हा त्या गाइडकडे जागा असेलच असं नाही. पात्रतेची तुम्हाला काळजी नाही. पदव्युत्तरला ५५ टक्के लागतात, नॉन-क्रिमिलेअर ओबीसींना ५०, तुमचे ५८ आहेत.

आता पैशांचं. दोन लाख अठरा महिन्यांत वाटले तर महिन्याला अकरा हजारांच्या आसपास येतात. वसतिगृहात खोली मिळाली तर मेस, प्रवास, झेरॉक्स धरून त्यात ओढाताणीने का होईना भागेल. मुलीला घेऊन पुण्यात भाड्याचं घर केलं तर अजिबात भागणार नाही, तो सगळा भार यजमानांच्या पगारावर येईल. म्हणून विभागात फोन करून पहिला प्रश्न विचारायचा तो वसतिगृहाचा: पीएचडीच्या मुलींना पहिल्या वर्षी जागा मिळते का, किती महिन्यांनी मिळते, तोवर काय. उत्तर कार्यालयाकडून घ्याच, पण त्याच वसतिगृहात राहणाऱ्या एखाद्या मुलीकडूनही घ्या.

फेलोशिपचे दोन दरवाजे तुम्हाला उघडे आहेत. एक महाज्योती. नागपूरची ही संस्था ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या संशोधकांना महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाची अधिछात्रवृत्ती देते. (हेच पत्र अनुसूचित जातीच्या मुलीचं असतं तर मी बार्टीकडे बोट दाखवलं असतं, मराठा-कुणबी मुलीचं असतं तर सारथीकडे.) महाज्योतीची फेलोशिप पूर्णवेळ नोंदणीवरच मिळते आणि जाहिरात निघेल तेव्हाच अर्ज करता येतो. तिच्या भरवशावर मात्र घरभाडं ठरवू नका. या तिन्ही संस्थांच्या फेलोशिपसाठी आपल्या मुलांना पुण्या-मुंबईत वारंवार आंदोलनाला बसावं लागलं आहे. राज्याने ज्यांना संशोधक म्हणून निवडलं त्यांच्यावर रस्त्यावर बसायची वेळ यावी, याचं मला फार वाईट वाटतं. ही फेलोशिप मिळाली तर ती वरकड समजा, पहिल्या दीड वर्षाच्या हिशेबात धरू नका.

दुसरा दरवाजा जेआरएफचा, म्हणजे नेटमध्ये वरचे गुण मिळवणाऱ्यांच्या फेलोशिपचा, आणि तो तुम्ही बंद झाला असं समजून बसला आहात. जेआरएफची वयोमर्यादा ३० आहे, पण स्त्रियांना पाच वर्षांची सवलत असते. तुम्ही ३३च्या. नेट वर्षातून दोनदा होते, जून आणि डिसेंबर. म्हणजे अजून काही संधी हातात आहेत, आणि पीएचडीला नोंदणी झाल्यावरही ती परीक्षा देता येते. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफची रक्कम पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,००० आहे. वसतिगृह नसेल तर घरभाडे भत्ता वेगळा. मानव्यविद्यांना पुस्तकं आणि प्रवासासाठी पहिली दोन वर्षं १०,००० आणि नंतर २०,५०० रुपये वर्षाला वेगळे मिळतात. तुम्ही थोड्या गुणांनी मागे राहिलात. कोर्सवर्कच्या वर्षात तसाही तोच अभ्यास चालतो, तेव्हा पहिल्या वर्षी नेटचा अर्ज चुकवू नका.

नॉन-क्रिमिलेअरबद्दल तुम्ही भीतभीत विचारलं आहे की यजमान शिक्षक आहेत, मग मी अपात्र ठरते का? नाही. विवाहित स्त्रीचं क्रिमिलेअर ठरवताना तिच्या आईवडिलांची स्थिती पाहतात, नवऱ्याचा पगार नाही. सेतू केंद्रात कोणी उलट सांगितलं तर ऐकून परत फिरू नका, तहसीलदारांना भेटा.

कागदपत्रांत तुमचं अडणार आहे ते नावावर. बारावी ते एमएच्या गुणपत्रिका माहेरच्या नावाने, जातीचा दाखला माहेरच्या नावाने, आधार आणि बँक खातं सासरच्या. प्रवेशाच्या खिडकीवर हा तिढा दर वर्षी कितीतरी मुलींचा दिवस खातो, आणि फेलोशिपच्या वेळी तर पैसेच अडवतो, कारण खातं आधारशी जुळावं लागतं आणि आधार नोंदणीच्या नावाशी. माझं सांगणं असं की नोंदणी एमएच्या पदवीवर जे नाव आहे त्याच नावाने करा. प्रबंधावर, पदवीवर, शोधनिबंधांवर तेच नाव राहील आणि जात वैधता प्रमाणपत्राशीही जुळेल. आधारवरचं सासरचं नाव आणि हे नाव एकाच व्यक्तीचं आहे हे दाखवायला विवाह नोंदणीचा दाखला आणि नावबदलाचं राजपत्र लागेल; ते काढलेलं नसेल तर याच आठवड्यात अर्ज टाका. नांदेडच्या विद्यापीठाचं मायग्रेशन, एमएनंतरच्या वर्षांचं खंड प्रतिज्ञापत्र, सेट आणि नेटची प्रमाणपत्रं यांचे तीन-तीन साक्षांकित संच करून ठेवा. जात वैधता हातात नसेल तर पडताळणी समितीकडे आजच जा, त्याला लागणारा वेळ तुमच्या हातात नाही.

गाइडबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत: "मॅडम चांगल्या आहेत." मला त्याहून जास्त कळायला हवं होतं. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी राहिली असतील तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. मॅडमची साडेतीन-चार वर्षंच उरली असतील तर प्रवेश नियमात बसेल, पण तुमचा प्रबंध अर्ध्यात असताना त्या निवृत्त होतील, मग त्यांना सहमार्गदर्शक म्हणूनच राहता येतं आणि मुख्य गाइड नवे येतात. ते नवे कोण असतील हे आत्ताच विचारा. विचारण्यात उद्धटपणा नाही. चांगल्या गाइडला अशा प्रश्नाचा राग येत नाही.

त्यांच्याकडे पूर्ण झालेले प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या संकेतस्थळावर सापडतील. दोन-तीन उघडा आणि फक्त दोन ठिकाणी पाहा: संदर्भसूचीत मूळ कागदपत्रं आहेत की नुसती पुस्तकं, आणि नोंदणी व सादरीकरण यांत किती वर्षं गेली. मग त्यांतल्या एखाद्या विद्यार्थिनीचा नंबर मिळवा. तिला विचारा, मॅडम प्रकरण वाचून किती दिवसांत परत देतात. माझ्या पाहण्यात, पीएचडी रखडण्यामागे अवघड विषयापेक्षा न वाचलं गेलेलं प्रकरण जास्त वेळा असतं. आणखी एक विचारा, संकोच न करता: गाइडच्या घरची कामं करावी लागतात का, व्हायवाला (शेवटच्या तोंडी परीक्षेला) पाकिटं आणि जेवणावळ करावी लागते का. परीक्षकांचा प्रवासखर्च आणि मानधन विद्यापीठ देतं. विद्यार्थ्याने द्यायचं काहीही नसतं. 'तशी पद्धत आहे' असं उत्तर आलं तर तो गाइड बदला, विद्यापीठ बदलावं लागलं तरी.

आता तुमच्या विषयाकडे येते, कारण तुमच्या पत्रात ज्या गोष्टीचा उल्लेखच नाही ती इथे आहे. तुमची कागदपत्रं पुण्यात नाहीत. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, त्यामुळे शाळांचं सरकारी दप्तर हैदराबादला तारनाक्याच्या राज्य पुराभिलेखागारात शोधावं लागेल. आणि ते मुख्यतः उर्दूत असेल, त्याआधीचं फारसीत. छापील प्रशासन अहवाल इंग्रजीतही आहेत, त्यांतून शाळांच्या आणि मुलींच्या संख्या मिळतील. पण एखाद्या तालुक्याच्या गावी मुलींची शाळा मागणारा गावकऱ्यांचा अर्ज, त्यावरचा तालुकदाराचा (निजामाच्या जिल्हा अधिकाऱ्याचा) शेरा, शिक्षिका मिळत नाही म्हणून आलेली तक्रार, हे जिथे असेल तिथे ते उर्दू हस्ताक्षरातच असणार. तुमचा प्रबंध त्या कागदांवर उभा राहील. ते वाचता आले नाहीत तर तुम्ही इतरांनी इंग्रजीत लिहिलेलंच पुन्हा मराठीत लिहाल, आणि तेवढ्यासाठी पाच वर्षं देऊ नका.

उर्दू शिकणं तुम्हाला जमणार नाही असं मुळीच समजू नका. उदगीरला उर्दू शाळा आहेत. निवृत्त शिक्षक किंवा शिक्षिका गाठा, आजपासून रोज तासभर बसा. लिपी काही आठवड्यांत येते, छापील मजकूर काही महिन्यांत. घसटी हस्ताक्षरं वाचायला मात्र वर्ष-दीड वर्ष लागेल असं धरून चाला. राष्ट्रीय उर्दू भाषा विकास परिषदेचा वर्षाचा पदविका अभ्यासक्रम आहे, तो पूरक म्हणून चालेल. पण यूजीसीने दोन अभ्यासक्रम एकाच वेळी करायची जी मुभा २०२२ मध्ये दिली ती पीएचडीला लागू नाही, तेव्हा नाव घालण्याआधी विद्यापीठाला लेखी विचारा.

पुराभिलेखागारातल्या कामाची गतीही समजून घ्या. गाइड आणि विभागप्रमुखांचं पत्र न्यायचं, ओळखपत्र दाखवायचं, सूची चाळायची, मागणीची चिठ्ठी भरायची आणि कागद येईपर्यंत थांबायचं. मागवलेलं बासन (कागदांचं गाठोडं) उघडल्यावर तुमच्या कामाचा एकच कागद निघतो, कधी तोही निघत नाही. प्रती काढण्यावर बंधनं असतात, म्हणून पेन्सिलने उतरवून घ्यायची तयारी ठेवा, आणि प्रत्येक नोंदीवर विभागाचं नाव, बासनाचा क्रमांक आणि तारीख तिथेच लिहा. घरी येऊन लिहू म्हणणाऱ्यांना तळटीप देताना पुन्हा हैदराबाद गाठावं लागतं. शनिवार-रविवारच्या फेऱ्यांत हे काम होत नाही. तीन-तीन आठवडे सलग बसावं लागतं. तुमच्या विषयाला पूर्णवेळ नोंदणीच योग्य आहे असं मी म्हणते ते यासाठी.

यात तुमच्या बाजूची एक गोष्ट आहे. उदगीर परळी-विकाराबाद रेल्वेमार्गावर आहे, हैदराबाद तुम्हाला पुण्यापेक्षा जवळ पडतं. म्हणजे कोर्सवर्क संपल्यावर तुमचा मुक्काम पुण्यात असण्याची गरज फारशी उरत नाही. मुलीपासून लांब राहायचं ते मुख्यतः पहिल्या वर्षात. पुढे उदगीर हे घर, हैदराबाद हे कामाचं ठिकाण आणि दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडायला पुणे, अशी घडी बसू शकते. मात्र कोर्सवर्कनंतर विभागात किती दिवस हजेरी लागते आणि क्षेत्रकार्याची परवानगी कशी मिळते, हे आत्ता लेखी घ्या. प्रत्येक विभागाची रीत निराळी असते. सासूबाईंशी आणि यजमानांशी बोलताना हेच वेळापत्रक समोर ठेवा: कोणते महिने पुण्यात, कोणते आठवडे हैदराबादला, शाळेच्या सुट्टीत मुलगी कुठे. "पीएचडी करायची आहे" एवढंच सांगितलं तर घरचे हो म्हणतील आणि चौथ्या महिन्यात सगळ्यांचीच चिडचिड सुरू होईल.

मुदत किमान तीन वर्षं, कमाल सहा. वेळ पडली तर पुनर्नोंदणी करून आणखी दोन, आणि स्त्रियांना त्यावर दोन, म्हणजे एकूण दहापर्यंत. प्रसूती आणि बालसंगोपनासाठी संपूर्ण काळात २४० दिवसांपर्यंत रजा आहे. तुम्ही पाच वर्षांचा बेत करा. कुटुंबाच्या कारणाने स्थलांतर करावं लागलं तर स्त्री संशोधकाला काम दुसऱ्या विद्यापीठात नेण्याची तरतूदही या नियमांत आहे, तेव्हा पुढे नांदेडला यावंसं वाटलं तरी केलेलं वाया जात नाही.

शोधनिबंध छापलाच पाहिजे ही सक्ती यूजीसीने २०२२ मध्ये काढली, पण विद्यापीठाची स्वतःची अट असू शकते. पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्या नियतकालिकांच्या जवळही जाऊ नका. आणि पहिल्या दिवसापासून उतारे अवतरणचिन्हांत ठेवा, कारण इतरांच्या लिखाणाशी साम्य १० टक्क्यांच्या वर गेलं की प्रबंध परत येतो.

एक खुलासा, कारण तुमच्या पत्रात तो गैरसमज दिसतो. सहायक प्राध्यापक होण्यासाठी पीएचडी आता सक्तीची नाही. जुलै २०२३ पासून नेट किंवा सेट ही किमान पात्रता आहे, आणि सेट तुमच्याकडे आहे. नोकरीच्या घाईने पीएचडीत शिरत असाल तर थांबा. मराठवाड्यातल्या त्या मुली कोण होत्या, त्यांना कोणी शिकवलं आणि घरच्यांनी का पाठवलं, हे तुम्हाला शोधायचंच असेल तर या. तुमच्या पत्राचा अर्धा भाग त्या शाळांबद्दलच होता, आजीच्या शाळेच्या दाखल्याबद्दल होता, म्हणून मी पहिल्याच ओळीत घ्या म्हटलं.

तीन आठवड्यांत करायचं ते असं. उद्या मॅडमना ईमेल करा: त्यांची निवृत्ती कधी, कोर्सवर्कचं वेळापत्रक काय, नंतरची हजेरी आणि हैदराबादच्या मुक्कामाची परवानगी कशी. त्याच दिवशी वसतिगृहाचा फोन आणि नावबदलाचा अर्ज. दुसऱ्या आठवड्यात हैदराबादची एक फेरी करा, दोन दिवस सूची चाळा आणि तुमच्या जिल्ह्यांच्या शाळांचं साहित्य खरोखर किती आहे ते पाहा. साहित्य हाती लागलं आणि मॅडमची उत्तरं नीट आली, तर तिसऱ्या आठवड्यात फी भरा आणि प्राचार्यांना पत्र देऊन तासिका सोडा. उत्तरं नीट आली नाहीत, तर प्राचार्यांकडूनच अंशकालीन पीएचडीसाठी ना हरकत प्रमाणपत्र मागा. त्यात अभ्यासाला वेळ मिळेल आणि कोर्सवर्कसाठी मोकळं करू, असा उल्लेख लागतो. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांचं असं प्रमाणपत्र चालतं का, हे नांदेडच्या पीएचडी विभागात स्वतः जाऊन विचारा.